उपाशी दोनशे एकसष्ट

६ सप्टेंबर

ही वही मी हरगोविंद मुखियाजींचं काय करायचं ते ठरवण्यासाठी उघडली आहे. दुसऱ्या कशासाठीही नाही. पहिल्या चार पानांवर मोरबीच्या टाइल्सची चित्रं आहेत, ती तिथल्या कारखान्यात होतो तेव्हाची. फाडणार होतो, पण एक मोर बरा जमलाय.

काल घडलं ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर राग उतरला की मीच त्यात फेरफार करीन. मी हवेलीत, म्हणजे आमच्या कृष्णमंदिरात, ठाकोरजींसाठी पाणी भरतो. भरायचो. पहाटे साडेतीनला उठायचं, अंघोळ करून अपरसात यायचं, म्हणजे त्यानंतर आपल्याला कोणी शिवायचं नाही आणि आपण कोणाला नाही, आणि देवाच्या अख्ख्या दिवसाचं पाणी विहिरीतून ओढायचं. त्यामुळे झोपायचं हवेलीतच, पाणीघरात. पाणीघराला लागून दूधघर. तिथे आदल्या संध्याकाळी केलेली मिठाई झाकून ठेवतात, पहाटे ठाकोरजींना उठवलं की पहिला भोग, मंगळाभोग, तिचा. दूधघराला कुलूप नाही, नुसती कडी. देवाच्या आधी तिथलं कोणी चाखेल हे कोणाच्या मनातच येत नाही. करणारा स्वतःसुद्धा चाखून बघत नाही, वासावर करतो.

काल पहाटे, मंगळाभोगाआधी, चौकात शुगरचा कॅम्प होता. गेल्या वर्षी एक कीर्तनवाले काका गाता गाता आडवे झाले, म्हणून या वर्षी ट्रस्टी नटवरशेठनी ठेवला. सगळे सेवक उपाशी पोटी रांगेत; मीही, पाणी भरून, अपरस मोडून. माझं बोट टोचलं आणि मशीनवाल्याने भाजीचा भाव ओरडावा तसा आकडा ओरडला, “उपाशी दोनशे एकसष्ट.”

मुखियाजी आतल्या उंबऱ्यावर उभे होते. हवेलीतला सगळा कारभार त्यांच्या शब्दावर चालतो. ते स्वतः रांगेत नव्हते, अपरसात होते ना. “उपाशी?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“शेवटचं कधी खाल्लंस?”

“काल सातला, फोईकडे. दोन रोटल्या आणि दुधीचं शाक.”

“नंतर?”

“नंतर इथे येऊन झोपलो.”

“इथे म्हणजे दूधघराशेजारी.”

मी सांगितलं की मला डायबिटीस आहे, सतराव्या वर्षापासून सुई घेतो. हे मी इतके दिवस हवेलीत कोणाला सांगितलं नव्हतं, ते आता सगळ्या चौकाला कळलं. मुखियाजी म्हणाले, “आमच्या व्याह्यांनाही होता. रात्री उपाशी निजले की सकाळी शंभराच्या आत. उपाशी पोटी साखर येते कुठून, दीकरा? खिडकीतून?”

लोक हसले. मी म्हटलं, ताट मोजा. मोजलं. बत्तीसच्या बत्तीस मगसाचे लाडू. मुखियाजी म्हणाले, “मग कढई चाटली असशील.”

झालं. त्या दिवसाचा भोग नदीत सोडला, पुन्हा नवा केला, ठाकोरजींना दीड तास उशीर झाला, आणि माझी घागर राखेने तीनदा घासून उलटी ठेवली. मी कढई चाटली नाही. मी काहीच खाल्लं नाही. हे मी इथे एकदाच लिहितो, कारण ही वही तरी मला उलट विचारणार नाही.

९ सप्टेंबर

गावात मला आता ठाकोरजी म्हणतात. चहावाला रसिक म्हणतो, “या ठाकोरजी, जागे झालात? भोग काय धरू?” टेम्पो स्टँडवर पोती चढवायला गेलो तर तिथेही तेच.

मुखियाजींच्या खोलीची कौलं फोडावीत. विहिरीचा दोर अर्धा कापून ठेवावा. पण पाणी आता दुसराच कोणी ओढतो, तो पडेल. कच्छला निघून जावं. भचाऊच्या फाट्यावर एक उंटवाला ओळखीचा आहे, त्याचा उंट फक्त हिंदी गाणी लावली की चालतो. त्या उंटाबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. मुद्दा असा की निघून गेलो तर खाल्लं असंच ठरेल.

सगळ्यात वाईट म्हणजे फोई, माझी आत्या. आई गेल्यापासून मी कुठूनही भटकून आलो की तिच्याकडेच येतो, आणि दमयंतीफोई कधी काही विचारत नाही. काल विचारलं. “खाल्लं असशील तर मला सांग. मी कोणाला सांगणार नाही.” संध्याकाळी बघतो तर गुळाचा डबा माळ्यावर.

हाही हिशोब मुखियाजींच्याच नावावर.

१४ सप्टेंबर

सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे मेहजबीनबेन नर्स आहेत, सुईच्या बाटल्या त्याच देतात. मी म्हटलं, मला एक कागद द्या, त्यावर लिहा की यज्ञेशने लाडू खाल्ले नाहीत.

“मी काय तुझ्या तोंडात बसले होते?”

“मग मशीन कसं काय बोलतं?”

“मशीन आकडा बोलतं. बाकीचं लोक बोलतात.” मग त्यांनी विचारलं, सुई कधी घेतोस. सातला, जेवणाआधी. सकाळचा आकडा आणि रात्रीचा आकडा लिहून ठेवतोस? मी जमेल तेव्हा बोट टोचतो, त्यातही कंटाळा आला की नाही.

“कागद हवा असेल तर आकडे आण. तीन रात्री. दहाला एकदा, पहाटे तीनला एकदा, सहाला एकदा. मध्ये पाण्याशिवाय काही नाही. तीनला सत्तरच्या खाली दिसली तर लगेच साखर खायची आणि मला येऊन सांगायचं, शहाणपणा करायचा नाही. खाली गेलेली साखर उसळून वर येते, ती गोष्ट वेगळी. सुईचा डोस आपल्या मनाने वाढवलास तर मीच तुला मारीन.”

पट्ट्यांची एक डबी त्यांनी वर दिली. बेन चांगल्या आहेत, फक्त तोंड तिखट.

१५ सप्टेंबर

फोईला म्हटलं, स्वयंपाकघराला कुलूप लाव आणि किल्ली गळ्यात घाल. ती म्हणाली, असं काय करतोस. पण घातली. शिवाय उंबऱ्यावर आडवी झोपली. मी पाणी प्यायला उठलो तर अंधारात म्हणते, “कोण?” घरात आम्ही दोघंच.

दहाला १३६. तीनला १२९. सहाला २४४.

मी फोईला उठवून मशीन दाखवलं. तिने आकडा बघितला, मग गळ्यातली किल्ली चाचपली.

१८ सप्टेंबर

दुसरी रात्र १४१, १३३, २५२. तिसरी १२८, १३१, २३९.

सकाळी उठलो तर गुळाचा डबा खाली, नेहमीच्या फळीवर.

१९ सप्टेंबर

मेहजबीनबेननी आकडे बघितले आणि मला थेट डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. डॉक्टर कमी बोलतात. नंतर बाहेर बाकावर बेननीच मला समजावलं. पहाटे तीन-चारनंतर शरीर उठायची तयारी करतं. अंगात काही रस सुटतात, ते बरगड्यांखालच्या यकृताला सांगतात की साठवलेली साखर सोड, माणसाला उठायचंय. हे सगळ्यांच्यात होतं, त्यांच्याही, नटवरशेठच्याही. पण त्यांच्या अंगात इन्सुलिन आपोआप तयार होऊन ती साखर आवरतं. माझ्यात ते होत नाही, आणि सातला घेतलेल्या सुईचा जोर पहाटेपर्यंत संपलेला असतो.

म्हणजे शरीर आत आपलं आपण मंगळाभोग धरतं. कोणी न मागता, कडी न काढता. हे मी त्यांना बोलून दाखवलं तर म्हणाल्या, “असलं काही परीक्षेत लिहू नकोस.” कसली परीक्षा, मी बारावीच्या पुढे गेलोच नाही.

आता रात्रीची सुई साडेदहाला घ्यायची. जेवण लवकर, जेवल्यावर चालायचं, आकडे रोज लिहायचे. आणि कागद मिळाला. शिक्का, सही, सगळं. रात्री काही न खाताही पहाटे साखर वाढते असं स्पष्ट लिहिलंय.

निघताना त्यांनी सहज विचारलं, “रात्री लघवीला, पाण्याला उठतोस का?” मी म्हटलं, मी क्वचित, पण मुखियाजी रोज उठतात. रात्रीतून चार वेळा. आणि दर वेळी अपरस मोडतो म्हणून दर वेळी अंघोळ. भर थंडीतसुद्धा. त्यांच्यापायी मला आदल्या संध्याकाळी तीन हंडे जास्तीचे भरून ठेवावे लागायचे. मी ते हसत हसत सांगत होतो.

त्या हसल्या नाहीत. “वय?”

“एकसष्ट-बासष्ट.”

“त्यांची साखर कधी बघितली?”

“ते कोणाला शिवू देतात कुठे.”

“त्यांना इथे घेऊन ये. या आठवड्यात.”

मी म्हटलं, आणतो.

तिथून मी हवेलीकडेच निघालो होतो, कागद खिशात. वाटेत एक पेंटर ट्रकच्या मागे कमळ काढत होता. एका फटक्यात पाकळी. तासभर उभा राहिलो. तो म्हणाला, रंग भरायला घाई केली की ओघळतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा कागद आज दाखवला तर काय होईल. मुखियाजी म्हणतील, असं का, बरं. घागर परत देतील. आणि संपलं. माझे पंधरा दिवस, रसिकचा चहा, फोईच्या गळ्यातली किल्ली, याचं काय?

कागद घडी करून वहीत ठेवला. मोराच्या पानात.

२३ सप्टेंबर

उपाशी १३८. सुईची वेळ बदलल्यापासून हा चौथा दिवस.

रसिककडे चहा पिताना मी फक्त एवढंच म्हटलं, “माझं रक्त घेतलं, मुखियाजींचं का नाही घेतलं?”

रसिक म्हणाला, “ते अपरसात होते.”

“रोजच असतात,” मी म्हटलं.

बिनसाखरेचा चहा संपवला आणि निघालो.

११ ऑक्टोबर

नवरात्रात गावात राहवेना. मोरबीला गेलो, कारखान्यातल्या दोस्ताकडे. तिथून ट्रकने भचाऊ. उंट विकला म्हणे. गरबा बघितला, खेळलो नाही, कारण खेळलो की साखर खाली जाते आणि खिशात साखरेच्या गोळ्या ठेवायच्या विसरतो. आकडे लिहिले नाहीत. सहा दिवसांत कंटाळलो. याआधी कुठेही गेलो तरी मागचं विसरून जायचो. या वेळी सगळीकडे तो चौक बरोबर आला.

परतलो तर माझं वाक्य चांगलं मोठं झालेलं. कोणी म्हणे मुखियाजींच्या उशीखाली लाडू असतात. कोणी म्हणे रात्री चार-चारदा अंघोळ कशाला, तोंड धुवायलाच ना. हे मी बोललोच नव्हतो. मी ओढलेल्या पाण्याची गोष्ट लोकांपर्यंत कोणी पोचवली कोण जाणे, पण बसली चपखल.

२० ऑक्टोबर

नटवरशेठनी फळ्यावर लिहून लावलं. अन्नकूटाचा मोठा भोग जवळ आलाय, वैष्णवांच्या मनात किंतु नको, आतल्या सर्व सेवकांची उपाशीपोटी तपासणी मंगळा दर्शनाआधी होईल. शेठ हे स्वतः वाचून दाखवत होते आणि मुखियाजींकडे बघत नव्हते.

मुखियाजी म्हणाले, “योग्य आहे. मीच पहिला. नंतर पुन्हा न्हाईन.”

इतका विश्वास. मला वाटलं जागेवर नाचावं.

मेहजबीनबेन बाजारात भेटल्या. “आणलं नाहीस त्यांना.” मी म्हटलं, त्यांचं रक्त लवकरच बघणार आहेत, सोय झालीय. “वा,” त्या म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं.

२६ ऑक्टोबर

तीनशे बारा.

मी पुन्हा लिहितो. तीनशे बारा. तोच मशीनवाला, तोच आवाज. “उपाशी तीनशे बारा.”

कोणीतरी मागून म्हणालं, “उपाशी?” आणि कोणीतरी हसलं. अगदी तसंच. मला कोणाला काही शिकवावं लागलं नाही, सगळ्यांना आपापलं वाक्य पाठ होतं.

मुखियाजी म्हणाले, “पुन्हा बघा.” दुसरं बोट दिलं. तीनशे आठ. त्यांनी मशीन हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आकडा उलटा तर दिसत नाही ना म्हणून फिरवून बघितलं. नटवरशेठ म्हणाले, “मुखियाजी, काही असेल तर आत बसून बोलू.” मुखियाजी म्हणाले, “आत कसा येऊ?” मग जानव्याला बांधलेला किल्ल्यांचा जुडगा सोडायला लागले. गाठ सुटेना. चाळीस वर्षांची गाठ. कोणी मदत केली नाही, त्यांना शिवायची कोणाला सवयच नाही. शेवटी सुटली. किल्ल्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि मागच्या दाराने आपल्या खोलीकडे गेले.

हे सगळं होईपर्यंत कागद माझ्या खिशात होता. मुद्दाम आणला होता. त्यावरून दोनदा हात फिरवला.

रसिकने आज मला साध्या नावाने हाक मारली.

३ नोव्हेंबर

उपाशी २२८.

अन्नकूट झाला. दुसऱ्याच सेवकाने केला, भाताचा डोंगर जरा कलता होता. माझी घागर अजून उलटीच आहे. मुखियाजी चोर ठरले म्हणून मी साव ठरत नाही, आम्ही दोघंही चोर, असं लोकांचं साधं गणित झालंय. हे मी धरलं नव्हतं.

आणि आकडा का चढला? सुई वेळेवर, जेवण वेळेवर, रोज चालतो. मेहजबीनबेन म्हणाल्या, मनाला काही लागलेलं असलं, झोप नसली तरी चढते. मी म्हटलं, उलट मी आनंदात आहे. त्या म्हणाल्या, “दिसतंय.” मग विचारलं, “तुमच्या मुखियाजींचं पुढे काय झालं? औषध सुरू केलं ना?” मी म्हटलं, केलं असेल.

६ नोव्हेंबर

फोई म्हणाली मुखियाजी प्रायश्चित्त करतायत. दिवसातून एकदा ताक, बाकी काही नाही. दार लावून बसतात. मुलगी वडोदऱ्याहून आली होती, तिलाही परत पाठवलं.

मी गेलो. बघायलाच गेलो, खोटं कशाला लिहू. दोन वाक्यं घोळवून ठेवली होती.

ते झोपाळ्यावर बसले होते. गाल बसलेले. म्हणाले, “ये. जवळ बस, आता मी कुठे अपरसात आहे.”

मी घोळवलेलं वाक्य काढलं. “साखर येते कुठून, मुखियाजी? खिडकीतून?”

“तेच मी विचारतोय,” ते म्हणाले, आणि ते खरंच मला विचारत होते. “तुला आठवतं का रे?”

“काय?”

“खाल्लेलं. तू खाल्लंस तेव्हा तुला जाग होती का? मी अकरा दिवस आठवून बघतोय. झोपेत उठून गेलो असणार. माणसं झोपेत चालतात म्हणे. इतकी वर्षं वासावर सगळं केलं, जिभेला मध्ये येऊ दिलं नाही. शेवटी तिने दावा साधला असेल. पण चव तरी आठवायला हवी. तीसुद्धा आठवत नाही.”

माझं दुसरं वाक्य निघालं नाही. मी म्हटलं, “मी खाल्लं नव्हतं.”

“असं म्हणतोस.”

“तुम्हीही खाल्लेलं नाही.” आणि कागद काढला. यकृत, पहाट, सुई, सगळं सांगितलं, मेहजबीनबेननी मला सांगितलं तसं. ते ऐकत होते. चष्मा लावून त्यांनी तारीख वाचली.

“एकोणीस सप्टेंबर.”

“हो.”

“आणि माझी तपासणी झाली ती सव्वीस ऑक्टोबरला. तू खांबापाशी उभा होतास.”

“हो.”

“हा कागद कुठे होता?”

“खिशात.”

झोपाळ्याची कडी दोन-तीनदा वाजली. म्हणाले, “मी तुला आकड्यावर बाहेर काढलं, तू मला. फिटलं.”

“फिटलं नाही,” मी म्हटलं. “तुम्ही माझं नाव चौकात घेतलंत. चौकातच परत द्या.”

९ नोव्हेंबर

दुपारच्या राजभोगाचं दर्शन सुटल्यावर लोक बाहेर पडत होते. मुखियाजी चौकातल्या तुळशीपाशी येऊन उभे राहिले. खांब धरून. म्हणाले, “यज्ञेशने काही खाल्लं नव्हतं. मला ठाऊक नसताना मी बोललो. त्याची घागर त्याला द्या.”

एवढंच. कोणी कागद मागितला नाही, पुरावा मागितला नाही. मुखियाजी म्हणाले म्हणजे खरं. ज्यांना लोक चोर म्हणत होते त्यांच्याच शब्दावर मी सुटलो.

नटवरशेठ म्हणाले, “आणि तुमचं, मुखियाजी?”

“माझं मला माहीत नाही.”

ते चालायला लागले. मी म्हटलं, “त्यांनीही खाल्लं नाही.” मोठ्याने म्हटलं. कागद वर धरला. नटवरशेठनी वाचला आणि म्हणाले, “यावर तुझं नाव आहे, भाई.” मग माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पण मन मोठं आहे पोराचं. इतकं होऊनही त्यांची बाजू घेतो.” तो हात चावावा असं वाटलं.

रसिक मागे कोणाला तरी सांगत होता, “म्हणजे मोठे ठाकोरजी हेच.”

मला हवं होतं ते सगळं मिळालं. नाव मिळालं, घागर मिळाली, त्यांना चौकात मान खाली घालायला लावली. मग मी दुपारभर गावाबाहेर दगड का मारत बसलो होतो? मला वाटतं त्याचं कारण हे. त्यांनी एका वाक्यात मला सोडवलं, आणि मी कागद दाखवूनही त्यांना सोडवू शकलो नाही. हा त्यांचा शेवटचा वार आहे. तो मी असा ठेवून घेणार नाही.

१० नोव्हेंबर

मुखियाजींना सायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. यायला तयार नव्हते. मी म्हटलं, तुमच्या नावाचा कागद हवा, नाहीतर गाव मला उदार म्हणत राहील, आणि ते मला सहन होत नाही. हे त्यांना पटलं.

मेहजबीनबेननी त्यांचे पाय बघितले. डाव्या अंगठ्याखाली एक जखम आहे, खोल. त्यांना दुखतसुद्धा नाही. रोज त्या पायाने दगडी फरशीवर चालत होते. ती मला कधी दिसली नव्हती.

“कधीची?” बेननी विचारलं.

“दिवाळीच्या आधीची असेल.”

बेननी माझ्याकडे बघितलं. “मी तुला सप्टेंबरात सांगितलं होतं, आण म्हणून.” आवाज चढवला नाही. मला चढवलेला चालला असता.

डॉक्टरांनी ताकावर राहणं बंद करायला लावलं, गोळ्या दिल्या, रोज पट्टी बदलायला या म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, आता आकडे बदलतील, मग कागद कसला मिळणार, मी विचारलं. बेन म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात काही पार उतरत नाही, दहा, तीन, सहा असे तीन रात्रींचे आकडे आणा. आणि कागद मिळो न मिळो, औषध थांबवायचं नाही.

“टोचणार कोण?” त्यांनी विचारलं. “काका, जमेल तुम्हाला?”

मुखियाजी म्हणाले, “हा टोचेल. याच्याइतका हौशी मला दुसरा कोण मिळणार.”

१३ नोव्हेंबर, सकाळ

माझं उपाशी १४२.

हवेलीत सांगितलं, पाणी चार दिवसांनी भरीन. काल रात्री मुखियाजींकडे झोपलो. जेवायला मुगाची खिचडी आणि मेथीची भाजी, फोईने केलेली. नंतर मी स्वयंपाकाच्या कोनाड्याला कुलूप घातलं आणि किल्ली त्यांच्यासमोर माझ्या गळ्यात अडकवली. ते म्हणाले, “आणि तू खाल्लंस तर?”

“तर माझी चढेल, तुमची नाही.”

“मशीनला तेवढं कळतं ना?”

दहाला टोचलं. बोटाच्या कडेला टोचतात, तिथे कमी दुखतं. मी गेली सहा वर्षं स्वतःला तसंच टोचतोय. त्यांना मधोमध टोचलं, ऐन टोकावर, जिथे दुसऱ्या दिवशीसुद्धा ठणकतं. त्यांचा हात हलला नाही. २०४.

तीनला दिवा लावला तर ते जागेच होते. लघवीला जाऊन आले होते आणि सवयीने अंघोळीची बादली घेऊन बसलेले. डॉक्टरांनी त्या पायावर पाणी नको म्हटलंय. मी बादली काढून घेतली. ते म्हणाले, “मला हेच एक येतं.” दुसरं बोट, तसंच मधोमध. १९१.

सहाला हवेलीची घंटा ऐकू आली. मंगळा उघडली. ते हवेलीच्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले, तेवढं मी थांबलो. मग तिसरं बोट. २९७.

मशीन त्यांच्या हातात दिलं. किल्ली माझ्या गळ्यात होती, कुलूप जसंच्या तसं. त्यांनी कुलपाकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं, आणि जीभ ओठांवरून फिरवली, चव तपासावी तशी.

“काही नाही,” ते म्हणाले.

“मग? तेच तर सांगतोय.”

“लिहिलंस?”

“लिहिलं.”

त्यांनी तिन्ही बोटं उजेडात धरली. “तुझी बोटं बघू.” मी दाखवली. त्यांनी माझ्या बोटांच्या कडा बघितल्या, मग आपल्या बोटांची टोकं.

“असं होय,” ते म्हणाले.

मी सुई डबीत ठेवली, पट्टी टाकली. ते झोपाळ्यावर जाऊन बसले आणि तो हात मांडीवर उताणा ठेवला.

“आज रात्री हाच हात घे,” ते म्हणाले. “दुसऱ्याने मला पोथी धरायची असते.”

अजून दोन रात्री आहेत. सहा वेळा टोचायचंय.